‘करलं’ म्हणणारं पोर

“आजोबा, बघा, मी चित्र करलं!” तीन वर्षांची नात. “केलं म्हणावं, बाळा.” “हो, करलंच की!”

आमच्या घरात ‘करलं’ कुणी म्हणत नाही, मग तिनं ते आणलं कुठून? ऐकलेलं उचलायचं आणि शाबासकी मिळाली की पक्कं करायचं, असा भाषा शिकण्याचा हिशेब बी. एफ. स्किनर यांनी १९५७मध्ये मांडला. या हिशेबात ‘करलं’ बसत नाही. भरलं, धरलं, चरलं यांवरून पोरीनं नियम काढला आणि तो बिनधास्त लावला. १९५८मध्ये जीन बर्को यांनी मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं. नाव ‘वग’. दोन असले तर? मुलं म्हणाली, ‘वग्ज’. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकलेला नव्हता! पुढच्याच वर्षी नोम चॉम्स्की यांनी स्किनर यांच्या पुस्तकाच्या परीक्षणात त्यांचा सिद्धांत पार सोलून काढला. भाषेची तयारी मूल जन्मतःच घेऊन येतं, ही त्यांची भूमिका पुढे गाजली. मला मात्र मायकेल टोमासेलो अधिक पटतात. मूल माणसांच्या मनातलं ओळखत, वाक्यांचे तयार तुकडे उचलत व्याकरणापर्यंत पोचतं, असं ते म्हणतात.

कान त्याआधीच कामाला लागलेला असतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४मध्ये दाखवलं, की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ऐकू येतात. वर्षाची होईतो हा फरक बहुतेकांच्या कानातून निसटतो. साहेबाच्या ‘टुम’ला आपण उगाच हसलो.

दुसऱ्या भाषेत पहिली भाषा लुडबुड करते. मराठी माणूस हिंदीत ‘मैं खाना खाया’ म्हणतो, कारण मराठीत ‘रामाने खाल्लं’ असलं तरी ‘मी’ला ‘ने’ लागत नाही. अशा चुकांतून शिकणाऱ्याच्या डोक्यातला नियम दिसतो, हे पिट कॉर्डर यांनी १९६७मध्ये सांगितलं. लॅरी सेलिंकर यांनी १९७२मध्ये या अधल्यामधल्या भाषेला स्वतंत्र व्यवस्था मानलं.

समजेल असं भरपूर कानावर पडलं की पुरे, असं स्टीफन क्रॅशन म्हणत. कॅनडात शाळेचे विषयच फ्रेंचमधून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांना मेरिल स्वेन यांनी तपासलं. वर्षानुवर्षं ऐकून समज उत्तम, पण बोलताना व्याकरण लंगडं. बोलायलाही लागतं, हा त्यांचा १९८५चा निष्कर्ष.

आपल्याकडे एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या काही साध्या शाळांत व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना रेल्वेचं वेळापत्रक नि नकाशे दिले. गाडी कधी सुटते, कुठून वळायचं, हे इंग्रजीत शोधता शोधता भाषा यावी, ही कल्पना. हा ‘बेंगळुरू प्रकल्प’ जगभर अभ्यासला गेला. आपल्या इंग्रजीच्या वह्यांवर अजून लाल पेनच चालतं.

नातीचं ‘करलं’ मी त्यानंतर दुरुस्त केलेलं नाही.