बोला, पण वाचल्यासारखं नको!

घरगुती मसाले, साड्या, दिवाळीचा फराळ! कितीतरी भगिनी आता मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करून विक्री करतात. पण कॅमेरा सुरू झाला की जीभ अडखळते. भाव चुकीचा सांगितला गेला, तर गिऱ्हाइकाशी वाद आणि पदरचे पैसे जायचे ते वेगळेच. इथे टेलिप्रॉम्प्टर कामी येतो.

१९५०च्या सुमारास अमेरिकेत टेलिव्हिजनवरच्या नटांसाठी हे यंत्र निघाले. तेव्हा त्यात कागदाची गुंडाळी फिरे. आता कॅमेऱ्याच्या भिंगापुढे तिरकी काच असते आणि तीत खालच्या पडद्यावरची अक्षरे दिसतात. त्यामुळे वाचतानाही नजर गिऱ्हाइकाकडेच राहते. नुसते मोबाइलवरचे अ‍ॅप वापरत असाल, तर मजकूर भिंगालगत आणि ओळी आखूड ठेवा. नाहीतर डोळे इकडेतिकडे फिरताना दिसतात.

मजकूर आपण बोलतो तसाच लिहावा. ‘सदर उत्पादन’ कशाला? ‘हा मसाला’ म्हणा की! भाव, वजन, टपालखर्च अक्षरी लिहा. श्वास घ्यायच्या जागी एक ओळ रिकामी सोडा. आदल्या दिवशी मोठ्याने वाचून वेग ठरवा. यंत्राने आपल्या मागे यावे, आपण त्याच्यामागे धावू नये.

आणि हो, सगळेच लिहून ठेवू नका. सुरुवात, भाव आणि शेवट पुरे. मधे नुसते मुद्दे. कुणी ‘तिखट कितपत आहे?’ विचारले, तर यंत्र थांबवून उत्तर द्या. प्रश्न वाचून दाखवायला लेक किंवा जाऊबाई शेजारी असल्या, तर उत्तमच. गिऱ्हाईक परत येते ते अशा उत्तरांमुळेच!