घर आपले, सुखाचे काय?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील म्हणत. या म्हणीत हौसेपेक्षा धास्तीच अधिक आहे. घर झाले की माणूस सुखी होतो, असे काही ती सांगत नाही. ते आपण मागाहून जोडले.

मुंबईचेच उदाहरण घ्या. १९४७ च्या कायद्याने भाड्यांवर नियंत्रण आले आणि भाडेकरूला सहजासहजी बाहेर काढणे अवघड झाले. गिरगाव-लालबागच्या चाळींत पिढ्या वाढल्या, त्या भाडेकरू म्हणूनच. खोली लहान, नळ-संडास सामायिक. पण ‘उद्या जायचे कुठे?’ हा घोर नव्हता. अर्थात त्याची किंमतही होती. तुटपुंज्या भाड्यात दुरुस्ती होईना आणि भाड्यासाठी नवी घरे कोणी बांधीना. पुढे १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला. ‘ओनरशिपचा ब्लॉक’ हे मध्यमवर्गाचे स्वप्न झाले आणि ते साकारण्यासाठी माणसे डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली.

मालकीने मिळते काय? निर्धास्तपणा. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला विचारा. भिंतीत खिळा ठोकायचा तरी परवानगी, करार संपत आला की मुलांच्या शाळेची काळजी. हे सुख खरेच मोठे आहे आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण हिशेब इथे संपत नाही. पन्नास लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर महिना सुमारे ४३,४०० रुपये हप्ता बसतो आणि फेड एक कोटी चार लाखांच्या घरात जाते. नोकरी आवडो न आवडो, ती सोडण्याची मुभा या हप्त्यात गहाण पडते. शिवाय लांबचे घर रोजचे तास खाते. डॅनिएल काहनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधील सुमारे नऊशे नोकरदार स्त्रियांचा दिनक्रम अभ्यासला. त्यांच्या दिवसातल्या सर्वांत नकोशा वेळांत कामावर जाण्यायेण्याचा प्रवास होता. आपल्या लोकलमधल्या बायकांना हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा?

नव्या रंगाचा वास महिन्याभरात जातो; दीड तासाचा प्रवास मात्र रोज नव्याने करावा लागतो. तेव्हा घर जरूर घ्यावे. पण चौरस फूट मोजताना आणखी दोन प्रश्न घरातल्या सर्वांनी मिळून विचारावेत: संध्याकाळी जेवायला आपण सगळे किती वाजता एकत्र बसू? आणि अडीअडचणीला कोणाचे दार वाजवू?