साडेचारपट

प्रोसेसरवर छापलेला वेग ही त्या चिपची कमाल कुवत असते, असे आपण धरून चालतो. खरे तर ती कंपनीने दिलेली हमी असते, आणि हमी देणारा नेहमी हातचे राखूनच बोलतो. त्यातही स्वस्त मालाला मागणी अधिक असली, की जास्त वेगाने चालू शकणाऱ्या चिपांवरही कमी वेगाचा छाप बसतो. राखून ठेवलेला हा वेग वापरायला काढणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. साध्या मदरबोर्डवर त्यासाठीची सेटिंग मोजकीच असतात, म्हणून तिथे हा उद्योग करू नये, असा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धाच बरोबर आहे. सेटिंग किती आहेत यापेक्षा तो बोर्ड मुळात कोणत्या प्रोसेसरचा भार पेलण्यासाठी बनवला आहे, हे पाहायला हवे.

याचा सर्वांत बोलका पुरावा १९९८ सालचा आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये इंटेलने सुमारे दीडशे डॉलरचा सेलेरॉन ३००ए बाजारात आणला आणि त्याच सुमारास ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम २ आणला, साडेसहाशे डॉलरांहून महाग. प्रोसेसरचा वेग म्हणजे बोर्डवरच्या बसचा वेग गुणिले एक ठरावीक गुणक. सेलेरॉनचा गुणक साडेचार. ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर तो ३०० भरे. हा गुणक इंटेलने कुलूपबंद केला होता. हळू चिपांवर वरचा आकडा छापून विकणारे व्यापारी हे त्याचे एक कारण. बसचा वेग मात्र बोर्डच्या हाती राहिला. बीएक्स चिपसेटचे बोर्ड पेंटियम २ साठी १०० मेगाहर्ट्झची बस घेऊनच आले होते, आणि त्यावर तोच साडेचारपट हिशेब ४५० वर जाई. बस बदलायची सोय नसलेल्या बोर्डांवर लोक प्रोसेसरच्या बी२१ या संपर्कबिंदूवर चिकटपट्टीचा तुकडा लावत. ६६ ची मागणी करणारा चिपचा संकेत मग बोर्डपर्यंत पोहोचतच नसे आणि बोर्ड १०० धरी. सेलेरॉनचा कॅश फक्त १२८ किलोबाइटचा, पण चिपमध्येच आणि पूर्ण वेगाने चालणारा; पेंटियमचा ५१२ किलोबाइटचा, पण निम्म्या वेगाचा. त्यामुळे अनेक गेममध्ये स्वस्त चिप महागडीच्या बरोबरीला आली.

एवढी मोठी उडी मारण्यापेक्षा ७५ किंवा ८३ मेगाहर्ट्झवर थांबणे शहाणपणाचे, असे कोणालाही वाटेल. इथेच गंमत आहे. डिस्क, साउंड कार्ड ज्या पीसीआय मार्गावर अवलंबून असत, त्याचा वेग बसच्या वेगाला भागून काढला जाई आणि तो ३३ मेगाहर्ट्झ असणे अपेक्षित होते. ६६ ला दोनाने, १०० ला तीनाने भागले की ३३ च येतात. ८३ ला दोनाने भागले की ४१ च्या पुढे, आणि मग डिस्कवरची माहिती बिघडण्याची भीती. सावध माणूसच जास्त धोका पत्करत होता.

प्रत्येक चिप ४५० गाठत नसे, हा आक्षेप रास्त आहे. मग व्होल्टेज वाढवण्याचा मोह होतो, आणि तो मात्र आवरावा. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. उदाहरणार्थ, २०१४ च्या पेंटियम जी३२५८ चा गुणक इंटेलने खुला ठेवला होता. अधिकृतपणे महागड्या झेड मालिकेच्या बोर्डांपुरता, पण बोर्ड बनवणाऱ्यांनी बायोस बदलून तो स्वस्त एच८१ बोर्डांवरही चालू करून दिला. ३.२ वरून ४.२ गिगाहर्ट्झ आणि १.०५ वरून १.२ व्होल्ट असे धरले, तर वीज सुमारे सत्तर टक्क्यांनी वाढते. मूळ मर्यादा ५३ वॅटची, म्हणजे नव्वदच्या आसपास. यातले बहुतेक बोर्ड ८४ वॅटचे चार कोअरचे प्रोसेसरही चालवत, म्हणून एवढे जेमतेम खपे. त्यापुढे वीजपुरवठ्याचे उघडे, हीटसिंक नसलेले भाग तापतात आणि चिपचे आयुष्यही घटते. हमीवर पाणी सोडावे लागते ते वेगळेच.

आजच्या प्रोसेसरना हा हिशेब पूर्वीइतका लागू नाही, हेही मान्य करायला हवे. ते तापमान आणि वीज पाहून स्वतःच वेग वाढवतात, त्यामुळे हातचे फारसे उरतच नाही. एएमडीच्या ए३२० किंवा ए५२० बोर्डवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करताच येत नाही. बी मालिकेच्या बोर्डवर येतो. पण फक्त तेवढ्यासाठी महाग बोर्ड घेण्यापेक्षा तोच पैसा वरच्या प्रोसेसरवर घालणे बहुतेक वेळा फायद्याचे ठरते.