अवैध सेवासमाप्ती (भारतीय कामगार कायदा)

कायद्याने घातलेल्या अटी किंवा कार्यपद्धती न पाळता मालकाने कामगाराची नोकरी संपवणे, यास अवैध सेवासमाप्ती म्हणतात. नोकरी जाणे ही घटना स्वतःहून अवैध ठरत नाही. मालकाचे कारण खरे असूनही पद्धत चुकल्यास सेवासमाप्ती रद्द होऊ शकते. उलट, पद्धत पाळून केलेली कपात कामगारास अन्यायकारक वाटली तरी वैध ठरू शकते.

कायद्याची चौकट

या विषयाचे नियमन दीर्घकाळ औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ याद्वारे होत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली. कपातीच्या मूळ अटी संहितेतही कायम आहेत.

संरक्षण कोणाला

हे संरक्षण ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांनाच मिळते. पदनामापेक्षा प्रत्यक्ष कामाचे स्वरूप महत्त्वाचे असते. मुख्यत्वे व्यवस्थापकीय काम करणारे कर्मचारी या व्याख्येबाहेर राहतात. शिक्षक हे १९४७ च्या अधिनियमाखाली कामगार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ मध्ये दिला. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा स्वतंत्र अधिनियम असून त्यांना शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.

कामगार कपात

शिक्षा म्हणून नव्हे, तर अन्य कारणाने मालकाने केलेली सेवासमाप्ती म्हणजे कपात होय. स्वेच्छानिवृत्ती, नियत वयोमानानुसार निवृत्ती आणि कराराची मुदत संपणे यांचा तीत समावेश होत नाही. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करताना पुढील अटी लागू होतात :

• कारणांसह एक महिन्याची लेखी सूचना किंवा तितक्या काळाचे वेतन;
• सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई;
• शासनास सूचना.

मागील बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले असल्यास सेवा एक वर्ष सलग मानली जाते. भूगर्भातील खाणकामासाठी ही मर्यादा १९० दिवसांची आहे. सामान्यतः शेवटी आलेल्यास प्रथम कमी करावे लागते आणि पुढे भरती निघाल्यास कपात झालेल्यांना प्राधान्य द्यावे लागते. मोठे कारखाने, खाणी व मळे यांना शासनाची पूर्वपरवानगीही आवश्यक असते. त्यासाठीची कामगारसंख्या पूर्वी १०० होती. संहितेने ती ३०० केली.

शिस्तभंगाची कारवाई

गैरवर्तनासाठी बडतर्फ करण्यापूर्वी आरोपपत्र, बचावाची संधी आणि निष्पक्ष चौकशी आवश्यक असते. चौकशीत दोष असल्यास मालकाला न्यायाधिकरणासमोर पुरावा देऊन आरोप सिद्ध करता येतो. आरोप सिद्ध होऊनही शिक्षा प्रमाणाबाहेर वाटल्यास ती सौम्य करण्याचा अधिकार न्यायाधिकरणास १९७१ च्या दुरुस्तीने मिळाला.

परिणाम

सेवासमाप्ती अवैध ठरल्यास सेवेत पुनःस्थापना, मागील वेतन किंवा एकरकमी भरपाई मिळू शकते. महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सेवासातत्य व मागील वेतनासह पुनःस्थापना हा सर्वसाधारण नियम असल्याचे स्पष्ट केले. मधल्या काळात आपल्याला अन्यत्र रोजगार नव्हता, असे कर्मचाऱ्याने सांगावे लागते. त्याला तो होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यानंतर मालकावर येते. रोजंदारीवरील कामगारांची कपात केवळ सूचना किंवा भरपाईअभावी अवैध ठरली असेल, तर मात्र न्यायालये अनेकदा पुनःस्थापनेऐवजी एकरकमी भरपाई देतात. ‘कामगार’ नसलेल्या खाजगी कर्मचाऱ्यास सामान्यतः करारभंगाची नुकसानभरपाईच मागता येते.