सामू म्हणजे काय? हळदीच्या कागदापासून चोपण रानापर्यंत



माती तपासून घेतली की हाती एक कागद येतो. २०१५ पासून देशभर दिल्या जाणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेतही एक रकाना असतो, ‘सामू’. पुढे आकडा असतो. कुठे ६, कुठे साडेसात, कुठे ९. पुष्कळजण तो वाचतात आणि कागदाची घडी करून फळीवर ठेवून देतात. पण रानात चुना टाकायचा की जिप्सम, हे ठरवताना पहिली नजर त्याच आकड्याकडे जायला हवी. दोन्ही पांढऱ्या भुकट्या. एकीच्या जागी दुसरी पडली, तर पैसाही जातो आणि हंगामही. तेव्हा हा सामू म्हणजे काय, ते आज मुळापासून पाहू.

कोणतीही वस्तू घ्या, ती अतिसूक्ष्म अणूंची बनलेली असते. अणूच्या मध्यभागी धनभार असलेले केंद्रक असते आणि त्याच्याभोवती ऋणभाराचे इलेक्ट्रॉन असतात. दोन्ही भार सारखे, म्हणून एकंदर अणू तटस्थ. अणू एकमेकांशी जोडले जातात, ते या इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीने किंवा भागीदारीने. या जोडणीलाच ‘बंध’ म्हणतात.

आपले रोजचे मीठच पाहा. सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन. त्यातला बाहेरचा एक तो सहज देऊन टाकतो. क्लोरीनपाशी १७, त्याला एकच कमी पडत असतो. एकाने दिला, दुसऱ्याने घेतला. देणारा धनभारित झाला, घेणारा ऋणभारित. अशा भारित कणांना ‘आयन’ म्हणतात. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, आणि मिठाचा खडा तयार होतो. पाण्यात मात्र वेगळी गोष्ट असते. तिथे हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात. ही झाली भागीदारी.

आता आम्लाकडे येऊ. लिंबू, चिंच, ताक हे सारे आंबट का? १८८४ साली स्वीडनच्या आऱ्हेनियसने याचा उलगडा मांडला: पाण्यात विरघळल्यावर जो पदार्थ हायड्रोजनचे धनभारित आयन सोडतो, तो आम्ल. याच्या उलट चुन्याची निवळी हायड्रॉक्साइडचे ऋणभारित आयन सोडते. अशा पदार्थाला अल्क म्हणतात. दोन्ही एकत्र आले की हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड मिळून पाणी होते, आणि उरलेल्या आयनांचा क्षार बनतो. शिक्षकांनी इथे मुलांना एक सांगावे. शास्त्रात ‘क्षार’ म्हणजे नुसते खायचे मीठ नव्हे, अशा रीतीने झालेला कोणताही पदार्थ.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर टीपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. त्यावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला की तो लाल होतो. हळदीचे कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर चालत आली आहे. त्याच डागावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा! मुलांना हे जरूर करू द्या. मात्र निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि बॅटरीतले आम्ल वर्गात आणूच नका.

आम्ल किती आणि अल्क किती हे मोजायचे माप म्हणजे सामू. ते १९०९ साली डेन्मार्कच्या सोरेन्सनने काढले. ७ म्हणजे मध्य. ७ च्या खाली आम्लता, वर अल्कता. आणि या मापात एक पायरी म्हणजे दहापट फरक. सामू ७ च्या मानाने ९ ला हायड्रोजन आयन शंभरपट कमी! म्हणून ‘दोनाचाच तर फरक’ असे म्हणून चालत नाही.

आता रानात चला. कोकणात पाऊस धो धो पडतो, मातीतला कॅल्शियम धुपून जातो, आणि जांभ्याची जमीन आम्ल होते. तिथे चुना बरा. तो आम्लता मारतो. पण कृष्णा, पंचगंगा, नीरा या नद्यांच्या काठी, जिथे उसाला पाणी फार आणि निचरा कमी, तिथे काही रानं चोपण झाली आहेत. सामू साडेआठाच्या वर. ओली असली की चिकट, वाळली की दगड, आणि पाणी वरच साचून राहतं.

याचं कारण पुन्हा बंधातच आहे. चिकणमातीच्या कणावर ऋणभार असतो. त्याला धनभारित आयन चिकटतात. कॅल्शियमचे भार दोन, म्हणून तो कणांना धरून ठेवतो आणि माती रवाळ राहते. सोडियमचा भार एकच. त्याची पकड ढिली. तो वाढला की कण सुटे होतात, मातीची छिद्रं बुजतात.

तुम्ही म्हणाल, चुन्यातही कॅल्शियमच आहे की! आहे, पण चुना स्वतःच अल्क. आधीच सामू चढलेल्या जमिनीत त्यातला कॅल्शियम मोकळा होत नाही. काळ्या रानात चुनखडी भरलेली असूनही ती चोपण होते, ते याचमुळे. जिप्सम हा क्षार आहे. तो पाण्यात थोडा थोडा विरघळून कॅल्शियम देतो. तो सोडियमला हटवून कणाशी जागा घेतो. हटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली वाहून गेला पाहिजे. म्हणून आधी चर काढा, मग जिप्सम घाला. निचरा नसेल तर सोडियम तिथल्या तिथेच राहील. धैंचा गाडला तर तो कुजताना आम्लं निघतात, आणि चुनखडीतला थोडा कॅल्शियम त्यांनीही मोकळा होतो.

जिप्सम किती, हे शेजाऱ्याच्या अंदाजावर ठरवू नका. दोन रानांची माती सारखी नसते. नुसत्या सामूवरही मात्रा ठरत नाही, सोडियम किती आहे हेही पाहावे लागते. मातीचा नमुना तपासून घ्या, कागदावरचा आकडा नीट वाचा, आणि मगच पोते फोडा.