मने नव्हे, रीत बदलायला हवी

२०२५ मध्ये ईद-ए-मिलाद ५ सप्टेंबरला आली आणि अनंत चतुर्दशी लगेच दुसऱ्या दिवशी. मुंबईसह राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने आपला जुलूस ८ तारखेला काढला, विसर्जन बिनघोर पार पडले. २०२३ मध्येही असाच समजूतदारपणा दिसला होता. पण २०२५ च्या या मिरवणुकांच्या महिनाभर आधी, १ ऑगस्टला, पुणे जिल्ह्यातल्या यवतमध्ये समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून दगडफेक आणि जाळपोळ झाली. शांतता समित्या दोन्हीकडे होत्या. पोलीस ठाण्यात बैठक होते, मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ ठरते, चहा होतो आणि समिती पुढच्या सणापर्यंत विसरली जाते. या समितीचा उपयोग नाही असे कोणी म्हणणार नाही, पण ती फक्त तारखांची भांडणे सोडवते. माणसांमधल्या भांडणासाठी आपल्याकडे ठरलेला उपाय एकच, ‘सर्वधर्म सांस्कृतिक कार्यक्रम’. एक भजन, एक कव्वाली, पाहुण्यांचा सत्कार आणि सामूहिक प्रतिज्ञा. कलेतून सलोखा साधायची कल्पना योग्यच आहे, पण तिची ही अंमलबजावणी जवळपास निरुपयोगी आहे. ती का फसते हे पाहिले, तर काय करायला हवे तेही कळते.

फसण्याचे मूळ एका गृहीतात आहे. कलेने मने द्रवतात आणि मने द्रवली की द्वेष संपतो, असे आपण धरून चालतो. या समजुतीची चोख परीक्षा रवांडात झाली आहे. १९९४ च्या वंशसंहारानंतर दहा वर्षांनी तिथे ‘मुसेकेवेया’ नावाची नभोनाट्यमालिका सुरू झाली. शेजारच्या दोन गावांतले वैर, त्याला खतपाणी घालणारा पुढारी आणि त्याच्या विरोधात उभी राहणारी तरुण मंडळी असे तिचे कथानक. एलिझाबेथ लेव्ही पलक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्षभर काही गावांत लोकांना एकत्र बसवून ही मालिका ऐकवली आणि इतर गावांना त्याच पद्धतीने आरोग्यविषयक मालिका ऐकवली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष भाबड्या आशेला धक्का देणारा आहे. श्रोत्यांची स्वतःची मते फारशी बदललीच नाहीत. बदलली ती आपल्या गावात काय चालते आणि काय खपवून घेतले जात नाही याबद्दलची समजूत, आणि तिच्यासोबत वागणूक. अभ्यास संपताना प्रत्येक गटाला सामाईक वापरासाठी एक कॅसेट प्लेअर आणि मालिकेच्या कॅसेटी भेट दिल्या गेल्या. आरोग्याची मालिका ऐकलेल्या गटांनी ते यंत्र बहुधा फारशी चर्चा न करता गावच्या अधिकाऱ्याच्या हवाली केले. सलोख्याची मालिका ऐकलेले लोक मात्र ते कोणी सांभाळायचे, कधी लावायचे, बॅटरीचे पैसे कोणी द्यायचे यावर वाद घालत बसले आणि जबाबदारी सर्वांनी मिळून घ्यायची असे ठरवून उठले. ज्या देशात वरून आलेला हुकूम मुकाट मानण्याच्या सवयीने लाखो जीव घेतले, तिथे लोकांनी आपसात वाद घालून निर्णय घेणे ही फार मोठी गोष्ट आहे.

मराठी माणसाला हे कळायला खरे तर रवांडापर्यंत जायची गरज नाही. ‘चार लोक काय म्हणतील’ या धाकावर आपला अर्धा समाज चालतो. मनात काय आहे ते ज्याच्या त्याच्यापाशी. पण चारचौघांत काय शोभते हे गाव ठरवते, आणि गावाने ठरवलेली रीत कलेतून उघडपणे मांडली जाते आणि बदलतेही. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, ते आपण शाळेत शिकतो. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर फिरले, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाची गाणी त्या दौऱ्यात होती आणि वाटेत कितीतरी गावांनी आपल्या विहिरी व देवळे खुली केली, हे मात्र मागे पडते. त्या गावांतल्या प्रत्येक सवर्णाचे हृदयपरिवर्तन झाले असेल असे कोण म्हणेल? पण गाण्यासाठी सगळे गाव चावडीपुढे जमले, गावाच्या देखत पाणवठा खुला झाला, आणि उद्यापासून अडवणाऱ्यालाच कारण सांगावे लागणार, हे ठरून गेले. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत चार दशकांहून अधिक काळ गणपती मशिदीत बसतो. उत्सव आणि बकरी ईद एकत्र आली तेव्हा तिथल्या मुसलमानांनी कुर्बानी टाळली. तिथली माणसे इतरांपेक्षा जात्याच उदार असतील असे मानायचे कारण नाही. तिथे तशी रीत पडली आहे आणि ती मोडणाऱ्याला गावाला तोंड द्यावे लागेल.

यावरचा सर्वांत सबळ आक्षेप असा की दंगल राजकारणातून आणि पैशातून पेटते, तिला गाण्याने विझवायला निघणे म्हणजे मूळ दुखणे झाकणे. या आक्षेपाचे उत्तर भिवंडीत सापडते. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेले हे यंत्रमागांचे शहर १९९२-९३ मध्ये शांत राहिले. शेजारी मुंबईत नऊशे माणसे मेली. याचे श्रेय अनेक अभ्यासक सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने १९८८ पासून उभ्या केलेल्या मोहल्ला समित्यांना देतात. खोपडे यांनी ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हा प्रश्न थेट पुस्तकाच्या नावातच विचारला. त्यांच्या समित्यांत पुढारी नव्हते. दोन्ही समाजांतली साधी माणसे होती आणि बैठका सणासुदीपुरत्या नसून वर्षभर नेमाने होत. नळ, गटार, नवरा-बायकोची भांडणे असले विषयही तिथे निघत. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात भारतातल्या दंगलग्रस्त आणि शांत शहरांची तुलना करून हेच दाखवले: शेजारधर्म आणि ईदचा शिरखुर्मा अफवेपुढे टिकत नाही, दोन्ही समाजांना एकत्र बांधणाऱ्या संघटना टिकतात. म्हणजे राजकारण ठिणगी टाकते हे खरेच, पण ती कुठे पडून विझते हे आधीपासून चाललेल्या सामाईक कामावर ठरते. कलेला तिथे जागा आहे ती असे काम म्हणूनच. भजनी मंडळ, लेझीम, ढोल-ताशा पथक, नाटकाची तालीम यांत माणसे महिनोन्‌महिने रोज भेटतात, चुकतात, एकमेकांना सांभाळून घेतात. एका रात्रीच्या कार्यक्रमात यातले काहीच घडत नाही.

दुसरा आक्षेप त्याहून रोखठोक आहे. कलाच तर आग लावते! मिरवणूक मशिदीसमोर आली की डीजेवर कोणती गाणी लागतात ते सर्वांना ठाऊक आहे. हे कबूल करावेच लागते, पण त्याने माझे म्हणणे खोडले जात नाही, उलट पक्के होते. ते गाणे ऐकून कोणाच्या मनात नवा द्वेष उगवत नाही. इथे असे वाजवलेले चालते, कोणी अडवत नाही, एवढेच त्यातून जमावाला कळते. रीत अशीही पडते. तिसरी अडचण इराकमधल्या एका प्रयोगाने पुढे आणली. साल्मा मूसा यांनी आयसिसच्या अत्याचारानंतर विस्थापित झालेल्या ख्रिश्चन खेळाडूंचे फुटबॉल संघ बांधले आणि त्यांतल्या काहींत मुस्लिम खेळाडू घातले. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार मैदानावरचे संबंध सुधारले, पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुसलमानांशी वागणे फारसे बदलले नाही. म्हणून सराव एकत्र करून थांबता येत नाही. त्या पथकाने बाजारपेठेत, यात्रेत, ज्यांना हे रुचत नाही त्यांच्याही देखत उभे राहायला हवे.

हे सगळे आपोआप होत नाही, त्यासाठी जाणते माणूस नेमावे लागते. संयुक्त राष्ट्रांनी २००८ पासून मध्यस्थी सल्लागारांचे खास पथक ठेवले आहे. युद्धबंदी, राज्यघटना अशा विषयांतले तज्ज्ञ हाक आली की जातात. आपल्या शांतता समितीला असा एकही सल्लागार नाही, जो वर्षभर कलावंतांबरोबर काम करील आणि सणाच्या महिन्यात फक्त त्याची फळे मोजील. पुणे जिल्ह्यातल्या मावळासारख्या ठिकाणी त्याची गरज उघड दिसते. लोहगड, भाजे आणि कार्ले तिथे जवळजवळच आहेत. लोहगड २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. त्याच गडावरच्या उरुसाच्या वादातून २०२३ च्या जानेवारीत जमावबंदी लावायची वेळ आली होती. भाज्याच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीची बाई तबल्यासारखे वाद्य वाजवते आहे आणि शेजारी दुसरी नाचते आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत, आणि त्याच बौद्ध चैत्याच्या दारात आज कोळी-आगऱ्यांची एकवीरा नांदते. या जागा कोणाच्या, हा वाद कोर्टात आणि कागदपत्रांवर सुटेल तेव्हा सुटो. न्यायाची जागा कलेने घेऊ नये. मुंबईच्या त्या दंगलीवरचा श्रीकृष्ण आयोगाचा १९९८ चा अहवाल धूळ खात पडला असताना कोणी गाण्याने समेट घडवू म्हटले तर तो पीडितांचा अपमान आहे. पण गडाच्या पायथ्याची गावे, उरुसाची मंडळी, एकवीरेचे भक्त आणि लेण्यांना येणारे बौद्ध उपासक यांनी मिळून या जागांची एक गोष्ट वर्षभर रचावी, तिच्यात आपापल्या तक्रारीही मांडाव्यात आणि ती यात्रेच्या गर्दीपुढे करून दाखवावी, यासाठी निकालाची वाट पाहायची गरज नाही. तक्रारीला जागा नसलेला सलोखा पहिल्याच अफवेला मोडतो.

सरकारने २०२५ मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. तो नावापुरता राहू नये असे वाटत असेल, तर प्रत्येक शांतता समितीत एक सांस्कृतिक सल्लागार असावा: गावाला माहीत असलेला, पक्षाच्या बाहेरचा, किमान तीन वर्षांसाठी नेमलेला, पगार आणि अधिकार असलेला. २०२६ मध्ये चांद्र गणिताने ईद-ए-मिलाद ऑगस्टच्या अखेरीस येते आणि गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला. अशा वर्षी मिरवणुकांची गाठ पडत नाही, म्हणून सगळे निर्धास्त होतात आणि हा विषय बाजूला पडतो. मला त्याचीच भीती वाटते. तणाव नसलेले वर्षच तालमीचे वर्ष असते. पेटल्यावर पथक जमवता येत नाही.