सल्फाइट आणि दमा : आहारातील एक दुर्लक्षित कारण

सोनेरी बेदाणे खाल्ल्यावर किंवा बाटलीतील सरबत प्यायल्यावर काही मिनिटांतच छाती आवळून येते व धाप लागते, अशी तक्रार काही दमारुग्ण करतात. घरची मंडळी दोष थंडाव्याला देतात; परंतु त्यामागे सल्फाइट हे परिरक्षक असू शकते.

सल्फाइट ही गंधकाची संयुगे होत. पदार्थ काळवंडू नयेत व बुरशी लागू नये, यासाठी ती वापरली जातात. सोनेरी बेदाणे व जर्दाळू यांना गंधकाची धुरी देतात. गुळाचा रंग उजळावा म्हणून काही गुऱ्हाळांत ‘हायड्रो’ पावडर घालतात. तिच्यामुळेही गुळात गंधकाचा अंश राहतो. घरगुती स्क्वॅशमधील ‘केएमएस’ म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हेही याच कुळातील. वाइन व काही बिस्किटांतही सल्फाइट असते.

आम्लाशी संपर्क येताच सल्फाइटमधून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो आणि त्यामुळे संवेदनशील श्वासनलिका आकुंचन पावतात. निरोगी व्यक्तींना सहसा त्रास होत नाही. दमारुग्णांपैकी सुमारे ३ ते १० टक्के व्यक्तींना मात्र तो संभवतो. अमेरिकेत काही रुग्ण दगावल्यानंतर १९८६ मध्ये कच्च्या खाण्याच्या ताज्या फळभाज्यांवरील सल्फाइटच्या वापरास बंदी घालण्यात आली.

बहुतेकदा ही नेहमीची ॲलर्जी नसल्याने त्वचाचाचणीत ती दिसेलच असे नाही. आहाराची नोंदवही निदानास मोलाची मदत करते. निश्चितीसाठीची चाचणी रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी. घरी प्रयोग करू नयेत.

वेष्टनावरील २२० ते २२८ हे क्रमांक सल्फाइटचे असतात. भारतातील २०२० च्या नियमांनुसार किलोमागे १० मिलिग्रॅम वा अधिक सल्फाइट असल्यास तशी सूचना छापणे बंधनकारक आहे. सुटे बेदाणे व गूळ यांवर मात्र लेबल नसते. तेथे काळसर बेदाणा व गडद गूळ निवडणे तुलनेने बरे, तरी पूर्ण खात्री देता येत नाही. धुण्याने वा शिजवण्याने सल्फाइट पूर्णपणे जात नाही.

सल्फाइट व सल्फा औषधे या भिन्न गोष्टी आहेत. एकीच्या त्रासामुळे दुसरी वर्ज्य ठरत नाही. दम्याची नियमित औषधे बंद करू नयेत व श्वास मोकळा करणारा पंप सदैव जवळ असावा. धाप वाढून बोलणे कठीण झाल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात आणावे.

वेष्टन वाचण्यास लागणारा क्षणभराचा वेळ एखाद्या रुग्णाची अत्यवस्थ रात्र टाळू शकतो, हे प्रत्येक कुटुंबाने ध्यानी ठेवावे, ही विनंती.